जुनी सतरा-पस्तीस, नवा कॅमेरा

मुंबईच्या फोर्ट भागात बोराबाजारात कॅमेऱ्यांची दुकाने आहेत. तिथल्या काचेच्या काउंटरवर सेकंडहँड लेन्सेस मांडलेल्या असतात आणि त्यांत अधूनमधून एक जाडजूड काळी नळी नजरेला पडते. पुढच्या टोकाशी बारीक सोनेरी कडे, मागच्या बाजूला अ‍ॅपर्चरचे आकडे लिहिलेली रिंग, आणि हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली रबरी पकड. उचलली की तिचे वजन मनगटाला जाणवते, ७४५ ग्रॅम. ही निकॉनची १७ ते ३५ मिलिमीटर, एफ २.८. ती १९९९ साली आली आणि पुढची आठ-नऊ वर्षे निकॉन वापरणाऱ्या वृत्तछायाचित्रकारांच्या बॅगेत तिची जागा ठरलेली होती. धंद्यातली माणसे तिला नुसते ‘सतरा-पस्तीस’ म्हणतात.

गिऱ्हाईक विचारते, माझ्या डिजिटल बॉडीवर ही कशी चालेल? दुकानदार म्हणतो, प्रो लेन्स आहे साहेब, डोळे मिटून घ्या. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नसते. पण ही वस्तू डोळे मिटून घेण्याची नव्हे.

इथे खरे तर दोन प्रश्न आहेत आणि ते नेहमी एकमेकांत मिसळतात. या आराखड्याची लेन्स आजच्या सेन्सरवर काय करू शकते, हा एक. आणि काउंटरवर ठेवलेला हाच एक नग आज काय करतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जुन्या परीक्षणांतून बरेचसे मिळते. दुसऱ्याचे कुठेही छापलेले नाही, ते घेणाऱ्यानेच काढायचे. वीस-पंचवीस वर्षे मंडपात, मोर्चात, पावसात फिरलेल्या लेन्सच्या बाबतीत दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा ठरतो.

आधी ही लेन्स बनली कशासाठी ते पाहू. १९९३ साली निकॉनची २०–३५ मिमी एफ २.८ आली होती. तिच्यापेक्षा हिच्यात रुंद टोकाला फक्त तीन मिलिमीटरचा फरक. ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण वाइड अँगलच्या मुलखात एकेक मिलिमीटर महाग असतो. २० मिमीला चौकटीच्या कर्णावर ९४ अंशांचे दृश्य मावते, १७ मिमीला १०४ अंशांचे. अरुंद बोळात, मंदिराच्या गाभाऱ्यासमोर, मंत्र्याभोवती पडलेल्या गराड्यात ते दहा अंश म्हणजे पाठ भिंतीला टेकलेली असताना आणखी एक पाऊल मागे जायला मिळण्यासारखे आहे. शिवाय एफ २.८ हे मोठे अ‍ॅपर्चर झूमच्या दोन्ही टोकांना कायम राहते. संध्याकाळच्या आरतीला, फ्लॅश न मारता, त्याचीच गरज पडते.

वारीतल्या रिंगणाचे छायाचित्र आठवून पाहा. घोडा धावतो आहे, टापांखालची माती अगदी समोर उडते आहे आणि मागे पताकांचा समुद्र क्षितिजापर्यंत गेला आहे. असे चित्र लांबून टेली लेन्सने मिळत नाही. त्यासाठी छायाचित्रकाराला जवळ जावे लागते आणि खाली बसावे लागते. वाइड लेन्सचे काम ‘जास्त मावते’ एवढ्यावर संपत नाही. ती जवळचे मोठे करते, लांबचे मागे ढकलते आणि पाहणाऱ्याला गर्दीच्या आत उभे करते. सतरा-पस्तीस सगळ्या फोकल लेंथना २८ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस होते, आणि हे अंतर सेन्सरपासून मोजायचे असते. म्हणजे पुढच्या काचेपासून विषय वीतभरावरही नसतो. टाळ धरलेला हात चौकटीत हवा असेल तर हा गुण लाखमोलाचा आहे.

याच रुंदीची एक किंमतही आहे, आणि लोक बऱ्याचदा तिचा दोष लेन्सला लावतात. लग्नाच्या ग्रुप फोटोत अगदी कडेला उभ्या असलेल्या मामांचा चेहरा रुंद आणि खांदे भले मोठे दिसतात. लेन्स खराब आहे, असे वाटते. वास्तविक सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या कोणत्याही वाइड लेन्सने हे होणारच. १७ मिमीला चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेशी असलेला गोल चेंडू जवळजवळ दीडपट लांबट उमटतो. ३५ मिमीला तोच ताण साधारण बारा टक्क्यांवर येतो. म्हणून जाणते लग्नाचे फोटोग्राफर माणसांची रांग ३५ च्या आसपास टिपतात आणि सतराचे टोक मंडपासाठी राखून ठेवतात. भूमितीने जे केले त्याबद्दल लेन्सला नापास करता येत नाही. तिचे मूल्यमापन करताना पहिली चाळणी हीच लावायला हवी.

आता काचेच्या आत डोकावू. साध्या १७ मिमी लेन्सचे शेवटचे भिंग फिल्मपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसले असते. पण एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा असतो आणि त्याला उघडझाप करायला जागा लागते. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी. मग १७ मिमीची लेन्स बसवायची कुठे? फ्रान्सच्या पिएर आंजेनिओ यांनी १९५० साली ३५ मिमीची ‘रेट्रोफोकस’ लेन्स आणून यावर वाट काढली. पुढच्या बाजूला किरणे फाकवणारी भिंगे, मागे त्यांना गोळा करणारी. दुर्बीण उलटी धरून पाहिल्यासारखीच ही रचना. त्यामुळे फोकल लेंथ लहान राहूनही लेन्स सेन्सरपासून लांब बसू शकते. सतरा-पस्तीस याच कुळातली. तिच्या पोटात दहा गटांत तेरा भिंगे आहेत. त्यांतली काही रंग फुटू न देणाऱ्या खास ईडी काचेची आहेत, तर काही गोलाकार वळणापासून मुद्दाम थोडी हटवलेली.

फिल्मच्या काळात निघालेली ही युक्ती डिजिटलच्या काळात अनपेक्षितपणे कामी आली. फिल्मवर प्रकाश तिरका पडला तरी ती फारशी कुरकुर करत नाही. सेन्सरचे तसे नसते. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर रंगीत गाळणी असते, तिच्यावर सूक्ष्म भिंग आणि त्यांच्याही वर काचेचे थर. खूप तिरपा किरण आला की तो शेजारच्या खड्ड्यात पडतो, नाहीतर वाटेतच अडतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या कित्येक जुन्या वाइड लेन्सेस फिल्मच्या अगदी जवळ बसत. त्या डिजिटल बॉडीवर लावल्या की कोपरे काळवंडतात, कडांना जांभळट छटा येते. लायकाने २००६ साली एम ८ काढताना सेन्सरच्या कडेची सूक्ष्म भिंगे मुद्दाम मध्याकडे सरकवली, ती याचमुळे. रेट्रोफोकस लेन्समधून किरणे त्या मानाने सरळ येतात. कोपऱ्यात प्रकाश घटण्याचेही असेच आहे. सगळ्यात साध्या रचनेच्या १७ मिमी लेन्समध्ये कोपऱ्याला मध्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा प्रकाश पोचला असता. रेट्रोफोकस रचना ही तूट बरीच भरून काढते.

सतरा-पस्तीस आली त्याच १९९९ साली निकॉनचा डी १ आला. व्यावसायिक वृत्तछायाचित्रणाला डिजिटलकडे वळवणारा हा कॅमेरा २.७ मेगापिक्सेलचा होता आणि त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. म्हणजे कंपनीची सर्वांत रुंद व्यावसायिक झूम आणि तिची रुंदी कापणारा कॅमेरा एकाच वर्षी बाजारात आले. डी १ वर ही लेन्स २५ ते ५२ मिमीसारखी वागू लागली. वाइडचे टोक गेले आणि हातात साधारण झूम उरली. पण या कापाकापीत एक लाभही होता. लहान सेन्सर लेन्सने उमटवलेल्या वर्तुळाचा फक्त मधला भाग वापरतो आणि सतरा-पस्तीसचा मधला भाग पहिल्यापासून उत्तम. तिच्या दुबळ्या कोपऱ्यांवर त्यामुळे काही वर्षे पडदा राहिला. आजही अशा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या बॉडीवर ही लेन्स वापरणारा माणूस तिच्यावर खूश असतो आणि फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा फुल फ्रेमवाला कुरकुरतो. दोघेही खरेच बोलत असतात.

पडदा उठला २००७ साली. निकॉनचा पहिला फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा डी ३ आला, १२.१ मेगापिक्सेलचा. त्याच्याबरोबरच १४–२४ मिमी एफ २.८ ही नवी लेन्स आली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शार्प असणे म्हणजे काय, याचे मापच बदलले. मग २०१२ चा डी ८०० छत्तीस मेगापिक्सेलचा, २०१७ चा डी ८५० पंचेचाळीसचा. डी १ चा एक पिक्सेल साधारण १२ मायक्रॉन रुंद होता, डी ३ चा साडेआठ, डी ८५० चा सव्वाचारच्या जरासा वर. लेन्स तीच राहिली, तिला पाहणारा डोळा मात्र जवळजवळ तिप्पट बारीक झाला.

कॅननच्या बाजूलाही हेच घडले, किंबहुना तिथे ते जास्त ठळक दिसते. १९८९ साली २०–३५, १९९६ साली १७–३५, २००१ साली १६–३५, तिचीच दुसरी आवृत्ती २००७ साली आणि तिसरी २०१६ साली. सगळ्या एफ २.८ आणि सगळ्या लाल कड्याच्या व्यावसायिक लेन्सेस. एकाच कामाची लेन्स सत्तावीस वर्षांत पाच वेळा नव्याने घडवावी लागली. १६ मिमीनंतर रुंदी वाढली नाही. पुढची सगळी मेहनत कोपऱ्यांवर खर्च झाली.

डी ८५० वर सतरा-पस्तीस लावली तर काय दिसते? १७ मिमी, एफ २.८. मध्यभाग शार्प, आजही मान डोलवावी असा. कोपऱ्यांकडे जाल तसा तपशील विरघळत जातो. पानांची गर्दी हिरव्या लगद्यासारखी दिसते. एफ ५.६ ला कोपरे सावरतात. एफ ८ ला ही लेन्स तिच्या उत्तम रूपात असते आणि निसर्गचित्रांसाठी, वास्तूंसाठी ती तिथेच वापरावी. एफ १६ च्या पुढे जाऊ नये. त्या छिद्रातून जाताना प्रकाशच पसरतो आणि बिंदूची २१ मायक्रॉनची चकती होते. डी ८५० चे पाच पिक्सेल त्या चकतीखाली झाकले जातात. हा कोणत्याही कंपनीचा दोष नव्हे, प्रकाशाचा स्वभावच तसा आहे.

आणि तसेही एफ १६ ची गरज कुठे पडते? १७ मिमीला एफ ८ ठेवून सव्वा मीटरच्या जरा अलीकडे फोकस केला, तर साधारण साठ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सारे काही कामापुरते स्पष्ट येते. जुने वृत्तछायाचित्रकार कॅमेरा डोक्यावर धरून, न पाहता बटण दाबायचे ते याच भरवशावर.

कोपऱ्यांची ही चिकित्सा करताना एका गोष्टीचे भान ठेवावे. डी ८५० चा फोटो नेहमीच्या चोवीस इंची मॉनिटरवर शंभर टक्के मोठा करून पाहणे, म्हणजे सव्वादोन मीटर रुंद प्रिंट हातभर अंतरावरून निरखणे. इतक्या मोठ्या प्रिंटकडे इतक्या जवळून कोणी पाहत नाही. मासिकाची दोन पाने मिळून ए ३ आकार होतो. तिथे उत्तम छपाईला सतरा-अठरा मेगापिक्सेल पुरतात. ज्याचे काम छपाईसाठी आहे, त्याने आधी फोटो तेवढा लहान करावा आणि मग कोपरे पाहावेत. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात, हे स्पष्टपणे सांगायला हवे. ज्याला भिंतभर प्रिंट करायचे आहे, किंवा रात्रीच्या आकाशातले तारे कोपऱ्यातही टिंबासारखे हवे आहेत, त्याच्यासाठी मात्र ही लेन्स नव्हे. तिथे तिची तरफदारी करण्यात अर्थ नाही.

आता काउंटरवरच्या त्या एका नगाकडे वळू. इथे घाई करू नये आणि दुकानदाराच्या नजरेला बुजू नये.

पहिले साधन टॉर्च. लेन्सची दोन्ही झाकणे काढायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडायचे, मागून टॉर्चचा झोत सोडायचा आणि पुढून जरा तिरके पाहायचे. धुळीचे चार कण दिसतात, त्यांची काळजी नको. पुढच्या काचेवरच्या एखाद्या बारीक ओरखड्यानेही चित्रात सहसा काही दिसत नाही. भीती असते ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक, फांद्या फुटलेल्या धाग्यांची. ती बुरशी. धंद्यात तिला फंगस म्हणतात. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात चार महिने हवा ओलीचिंब असते, आणि कपाटात चामडी केसमध्ये बंद पडलेल्या लेन्ससारखी सोयीची जागा तिला दुसरी नाही. कडेला लागलेली कोवळी बुरशी साफ होते. आतल्या भिंगावर जुनी मुरलेली असेल तर काचेवरचा लेप खाल्ला गेलेला असतो, पुसल्यावरही व्रण राहतो. दुसरी गोष्ट धूसरपणा. झोतात भिंग दुधाळ दिसले, तर फोटोत काळा रंग कधीच काळा येणार नाही, उन्हाकडे तोंड केले की चित्र फिकट पडेल.

मग अ‍ॅपर्चरची पाती. मागची छोटी तरफ बोटाने सरकवून सोडली की नऊही पाती उघडून क्षणात परत मिटायला हवीत. आळसावत आली किंवा पात्यांवर तेलाची चमक दिसली, तर एक्स्पोजर दर फोटोला वेगळे येईल. याच नऊ पात्यांमुळे बारीक अ‍ॅपर्चरवर रस्त्यावरच्या दिव्याला अठरा किरणांची चांदणी फुटते. पात्यांची संख्या विषम असली की किरणे दुप्पट होतात. फिल्टरच्या ७७ मिमी कड्यावर पोचा आहे का, तेही पाहावे. पोचा म्हणजे लेन्स कधीतरी तोंडावर पडली होती, आणि आतली तेरा भिंगे जागच्या जागी आहेत का हे आता तपासायलाच हवे.

त्याआधी कान द्यायचा. लेन्स बॉडीवर लावावी, अ‍ॅपर्चर रिंग २२ वर नेऊन कुलूप सरकवावे, नाहीतर बॉडी चूक दाखवते. मग जवळ, लांब, पुन्हा जवळ असा पाच-दहा वेळा फोकस करावा. लेन्समधल्या फोकसच्या निरोगी मोटरचा आवाज जवळजवळ येतच नाही. झिजत चाललेली मोटर चिरकते. लाकडी दाराची बिजागरी कुरकुरावी तसा बारीक, उंच सूर येतो, आधी कधीतरी आणि मग दर वेळी. त्या पिढीच्या लेन्सेसचे हे ओळखीचे दुखणे आहे. चिरकणारी मोटर वर्षानुवर्षे चालू शकते आणि पुढच्या मुहूर्तावर ऐन सप्तपदीत बंदही पडू शकते. इतक्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळणे कठीण असते, म्हणून तो आवाज ऐकू आला की भाव त्या हिशेबानेच करावा.

यानंतर भिंत. सपाट, विटांची किंवा बारीक पोत असलेली. कॅमेरा तिपाईवर, सेन्सर भिंतीला अगदी समांतर, शटर टायमरवर. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठे करून हाताने जुळवायचा. ऑटोफोकसची चूक लेन्सच्या माथी जाऊ नये, म्हणून हा खटाटोप. १७, २४ आणि ३५ मिमीला, एफ २.८ पासून एफ ८ पर्यंत एकेक फोटो. मग चारही कोपरे शेजारी ठेवून पाहायचे.

चारही कोपरे सारखेच मऊ आले तर तो आराखड्याचा स्वभाव. तीन ठीक आणि एक वाहून गेलेला, तर संशयाला जागा आहे. पण निकाल लगेच देऊ नये. कदाचित कॅमेराच भिंतीला समांतर नसेल. अशा वेळी कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा घ्यावा. खराब कोपरा भिंतीच्या त्याच जागी राहिला तर चूक मांडणीची. फोटोच्या त्याच कोपऱ्याबरोबर फिरला, तर आतले एखादे भिंग सरकलेले आहे, आणि मग तो नग सोडून द्यावा. किंमत कितीही उतरली तरी.

आणखी एक तपासणी आहे, आणि ती बहुतेकजण करत नाहीत. फोकस मध्यावर न करता मुद्दाम कोपऱ्यावर करून एक फोटो घ्यायचा. आता कोपरा एकदम शार्प आला आणि मध्य थोडा मऊ झाला, तर त्याचा अर्थ लेन्सला कोपऱ्यातही तपशील दिसतो, फक्त तिच्या फोकसचा पडदा सपाट नसून परातीसारखा वाकलेला आहे. सपाट भिंतीवर असल्या लेन्सला गुण कमी पडतात. खऱ्या जगात कोपऱ्यातल्या गोष्टी क्वचितच मध्याएवढ्या अंतरावर असतात, त्यामुळे हा वाक कधी आड येतो, कधी चक्क मदत करतो. कोपऱ्यावर फोकस करूनही कोपरा मऊच राहिला, तर ती लेन्सची खरी मर्यादा. भिंतीवर नापास झालेल्या कितीतरी जुन्या वाइड लेन्सेस रस्त्यावर देखणी चित्रे देतात, त्याचे एक कारण या वाकात आहे.

रस्त्यावरची परीक्षा द्यायला बोराबाजारातून फार लांब जावे लागत नाही. पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत उभी आहे. १८७८ साली बांधकाम सुरू होऊन दहा वर्षे चाललेली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची रचना, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. वाइड लेन्ससाठी याहून चांगला परीक्षक मिळणे कठीण. समोरच्या पदपथावरून १७ मिमीला दोन्ही बाजू चौकटीत येऊ लागतात. कॅमेरा वर उचलला की मनोरे आत झुकतात. पुन्हा तेच, दोष लेन्सचा नव्हे. सेन्सर उभा सरळ ठेवला की मनोरेही सरळ होतात, फक्त खालच्या निम्म्या चौकटीत रस्ता आणि टॅक्स्या येतात, त्या नंतर कापाव्या लागतात.

आता फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ पाहावेत. त्यातला एक डाव्या कोपऱ्यात येईल अशी चौकट धरावी आणि त्याची आयाळ किंवा पट्टे एफ २.८ ला आणि एफ ८ ला कसे दिसतात ते मोठे करून बघावे. मधल्या घुमटावरचा ‘प्रगती’चा पुतळा पांढऱ्या आभाळासमोर उभा असतो. तो चौकटीच्या कडेला घेतला की त्याच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवी रेघ दिसते का ते कळते. वेगवेगळे रंग थोड्या वेगवेगळ्या मापाने उमटल्याची ती खूण. आजची सॉफ्टवेअर ती रेघ एका क्लिकमध्ये पुसतात, त्यामुळे तिच्यावरून लेन्स नाकारू नये. १७ मिमीला लांब सरळ छज्जाही मध्ये थोडा फुगलेला येतो, तोही सुधारता येतो. शेवटी सूर्य चौकटीच्या अगदी कडेला आणावा. सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असतो. त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवर आदळून पुन्हा आत येतो. त्याचे रंगीत ठिपके कुठे पडतात हे एकदा माहीत झाले की पुढे त्यांना टाळता येते.

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण नव्या लेन्सेस तिच्याच आधारावर बनतात. निकॉनची २०१९ ची १४–३० मिमी एफ ४ फक्त ४८५ ग्रॅमची आहे. तिच्या रेषांतला वाक कॅमेरा स्वतःच सरळ करून दाखवतो, तेव्हा ती इतकी हलकी होऊ शकली. १९९९ च्या अभियंत्यांपाशी ही सवलत नव्हती. जे काही सरळ करायचे ते काचेतच करायचे होते. सतरा-पस्तीसचे वजन त्यातून आले आहे.

आरसा नसलेल्या नव्या निकॉन बॉडीवरही ही जुनी लेन्स एफटीझेड अडॅप्टर लावून चालते आणि तिचा ऑटोफोकसही चालतो, कारण मोटर तिच्या स्वतःच्याच पोटात आहे. निकॉनच्याच आधीच्या वीस-पस्तीसला मोटर नव्हती. ती बॉडीच्या मोटरवर अवलंबून, म्हणून त्या अडॅप्टरवर तिचा फोकस हातानेच करावा लागतो. सेकंडहँड बाजारात या दोघी अनेकदा शेजारी ठेवलेल्या असतात, तेव्हा हा फरक लक्षात असलेला बरा.

लेन्स घरी आणल्यावर पहिल्याच पावसाळ्यासाठी तिची सोय करून ठेवावी. ऐपत असेल तर हवेतली आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांवर ठेवणारे ड्राय कॅबिनेट, नाहीतर चकल्या ठेवतात तसला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ते भाजून पुन्हा कोरडे करायचे. चामडी केस बाहेरच ठेवावी. सगळ्यात चांगली काळजी म्हणजे आठवड्यातून एकदा तरी तिला बाहेर काढून फोटो काढणे. उजेड आणि हलती हवा बुरशीला सोसत नाही.

आणि मोटर एखाद्या दिवशी खरोखरच गप्प झाली तर? पुढच्या काळातल्या कित्येक लेन्सेसना अ‍ॅपर्चरची रिंगच नाही, सारे बॉडीवर अवलंबून. सतरा-पस्तीसला ती आहे. १९८२ चा निकॉन एफएम २, हातानेच फिल्म पुढे सरकवायचा, भारतातल्या अनेक वृत्तछायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे वापरलेला, आजही बोराबाजारात मिळतो. त्याच्यावर ही लेन्स सहज बसते. कुलूप उघडायचे, रिंग २२ वरून ८ वर आणायची, प्रत्येक आकड्याला बोटाखाली हलका टक्‌ लागतो. मग फोकसची रिंग हाताने फिरवायची.